'कायमचे' म्हणजे किती वर्षांचे?



गेल्या महिन्यात एका संध्याकाळी, मगरिबच्या नमाजनंतर, आमच्या शेजारचे चाचा प्लास्टिकची पिशवी घेऊन घरी आले. सोबत चाचीही होत्या. रसायनीच्या एका कारखान्यात चाचांनी ऑपरेटर म्हणून पाळ्या केल्या, आता निवृत्त होऊन मोहोपाड्यातच राहतात. पिशवीत त्यांच्या मुलाचे कागद होते : शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचे प्रमाणपत्र आणि उर्दूतला निकाहनामा. मुलगा माझाच विद्यार्थी. पुढे इन्स्ट्रुमेंटेशनचा इंजिनिअर झाला आणि गेली आठ वर्षे सिंगापूरला आहे.

"बाई, तो तिकडचा पीआर घेतोय. कागदांवर नाव तीन तऱ्हेनं लिहिलंय म्हणे. तुम्ही जरा बघा."

मी कागद बघत बसले. चाचा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पीआर म्हणजे पोरगा आता कायमचा तिकडचा झाला ना? सातबाऱ्यावर नाव राहील का त्याचं?" आणि चाचींनी एवढेच विचारले, "आमच्या मयतीला तरी येऊ देतील ना त्याला?"

खरे सांगते, त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. तुमचा मुलगा भारताचाच राहणार, असे म्हणून मी त्यांना चहा दिला. पण त्या रात्री मुलाशी व्हिडिओ कॉलवर बोलले, त्याच्याकडून नियम समजून घेतले आणि स्वतःही वाचले. या महिन्याचा लेख त्यातूनच झाला आहे. अशी पिशवी उद्या तुमच्या घरातूनही निघू शकते.

आपल्या कोकणातल्या मुस्लिम घरांना परदेश नवा नाही. कुवेत, सौदी, कतार, मस्कत हे शब्द आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण आखातात आपली माणसे इकाम्यावर राहिली. नोकरी संपली की इकामा संपला, आणि माणूस घरी आला. माझे मामू २६ वर्षे कुवेतमध्ये होते. घर त्यांनी इथे बांधले, मुले इथल्या शाळेत शिकली, आणि शेवटी मामूही इथेच परतले. सौदी अरबने २०१९मध्ये कायम वास्तव्याचा प्रीमियम इकामा काढला, पण त्याची फी ८ लाख रियाल. आपल्या ड्रायव्हर-फिटर-क्लार्क मंडळींचा त्याच्याशी काय संबंध? म्हणून 'मुले कुठली होणार' हा प्रश्न आखाताने आपल्याला कधी विचारलाच नाही. आता शिकलेली मुले सिंगापूरकडे जात आहेत, आणि तिथे तो प्रश्न अर्जातच येतो.

चाचांच्या मुलाची नोकरी जुराँग बेटावर आहे. सात लहान बेटांमधला समुद्र भरून ती जोडली, आणि २०००मध्ये हे रसायन-उद्योगाचे बेट सुरू झाले. बापाने पाताळगंगेकाठी जे काम केले, त्याच जातीचे काम मुलगा समुद्रातल्या बेटावर करतो. हे सांगितल्यावर चाचांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आले.

आता पहिला प्रश्न. पीआर म्हणजे नागरिकत्व नव्हे. पीआर झालेल्या माणसाला सिंगापूरमध्ये निळे ओळखपत्र मिळते, नागरिकाचे गुलाबी असते. पीआर घेतलेल्या आपल्या माणसाचा पासपोर्ट भारताचाच राहतो. त्याला तिथे संसदेच्या निवडणुकीत मत देता येत नाही. इथे मात्र परदेशस्थ मतदार म्हणून नमुना ६-अ भरून नाव नोंदवता येते आणि स्वतः येऊन मत देता येते. उद्या त्याने सिंगापूरचे नागरिकत्व घेतले, तर गोष्ट वेगळी. आपल्या १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे, स्वखुशीने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे नागरिकत्व संपते. मग ओसीआय कार्ड घेऊन ये-जा करता येते, पण मत नाही. सिंगापूरही प्रौढ माणसाला दोन पासपोर्ट ठेवू देत नाही.

सातबाऱ्याचे उत्तरही सोपे आहे. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाच्या नावावरची शेतजमीन तशीच राहते, वारशाने आलेलीही त्याला घेता येते. फक्त परदेशी राहत असताना त्याला इथे नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. आपल्या खालापूर-कर्जत भागात जमिनीचे भाव रोज नव्याने ऐकू येतात, त्यामुळे हे लक्षात ठेवा. मुलाने सिंगापूरहून पैसे पाठवावेत आणि त्याच्याच नावावर शेत घ्यावे, असे होत नाही.

आणि चाचींचे उत्तर : पीआर झालेला माणूस सुटी घेऊन कधीही येऊ शकतो. पण त्याच्याकडे परत प्रवेशाचा परवाना चालू हवा. तो बहुधा ५ वर्षांचा मिळतो आणि पुन्हा पुन्हा वाढवून घ्यावा लागतो. वाढवताना माणूस तिथे खरोखर राहतो का, नोकरी करतो का, हे पाहिले जाते. परवाना संपलेला असताना देशाबाहेर राहिला तर पीआरच जाऊ शकतो. म्हणजे नाव 'कायम', आणि हिशेब पाच पाच वर्षांचा. आई आजारी आहे म्हणून दोन वर्षे गावी राहावे लागले, तर त्याने आधी परवान्याची तारीख पाहायला हवी. चाचींना मी हे सगळे सांगितले नाही. "येईल, चाची, पहिल्या विमानाने येईल," एवढेच सांगितले, आणि ते खरेच आहे.

आता पीआर कोणाला मिळतो ते पाहू. आपल्याकडच्या आयटीआय झालेल्या मुलांनी हा भाग नीट वाचावा. सिंगापूरमध्ये परदेशी कामगारांचे वेगवेगळे पास असतात. शिकलेल्या, वरच्या पगाराच्या माणसाला एम्प्लॉयमेंट पास. २०२५च्या जानेवारीपासून त्यासाठी महिना किमान ५,६०० सिंगापूर डॉलर पगार लागतो, वय वाढेल तसा त्याहून जास्त. त्याखाली एस पास. आणि जहाजबांधणी, इमारत बांधकाम, कारखान्यातली देखभाल अशा कामांसाठी वर्क परमिट. नोकरीच्या आधारावर पीआरचा अर्ज पहिल्या दोन पासवालेच करू शकतात. वर्क परमिटवर दहा वर्षे घाम गाळला तरी त्या जोरावर अर्ज करता येत नाही. इतकेच काय, वर्क परमिटवरच्या माणसाला तिथल्या नागरिकाशी किंवा पीआरशी निकाह करायचा असेल, तर आधी तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाची परवानगी घ्यावी लागते.

म्हणून एखादा एजंट "आधी वेल्डर म्हणून जा, तीन वर्षांत पीआर करून देतो" असे म्हणत असेल, तर तो तुम्हाला फसवतो आहे. पीआरचा अर्ज माणूस स्वतः ऑनलाइन भरतो. फी माणशी १०० सिंगापूर डॉलर, आणि अर्ज नाकारला तरी ती परत मिळत नाही. उत्तर यायला साधारण सहा महिने लागतात. नाकारण्याचे कारण सांगत नाहीत. २०२३मध्ये सुमारे ३४ हजार लोकांना नवा पीआर मिळाला, त्यात सगळ्या देशांचे लोक आले. कोणाला द्यायचा आणि कोणाला नाही, हे तिथले सरकार आपल्या गरजेप्रमाणे ठरवते. त्यात एजंटाची ओळख चालत नाही.

आपल्यात आणखी एक समज आहे, की मलेशिया, इंडोनेशिया हे मुस्लिमबहुल देश, तिथे आपल्याला सहज ठेवून घेतील. तसे नाही. मलेशियात कायम रहिवाशाला लाल ओळखपत्र मिळते, पण ते मिळणे सिंगापूरपेक्षा अवघड मानले जाते. 'मलेशिया माझे दुसरे घर' या नावाची योजना तुम्ही ऐकली असेल. तो पैसेवाल्यांसाठी दीर्घ मुदतीचा व्हिसा आहे, कायम वास्तव्य नव्हे. इंडोनेशियाचा कायम वास्तव्याचा परवाना ५ वर्षांचा असतो, मग वाढवून घ्यायचा. थायलंड एका देशाच्या जास्तीत जास्त १०० लोकांना वर्षाला हा दर्जा देतो आणि मुलाखतीत थाई भाषा येते का हे पाहतो. फिलिपाइन्सच्या १९४०च्या कायद्यात कोटा एका देशाला वर्षाला ५० जणांचा. अर्जदाराचा धर्म कोणता, हा मुद्दा यांपैकी कुठल्याच हिशेबात नाही.

आणखी एक गोष्ट, शिक्षिका म्हणून. दहावी पास नसलेल्या माणसाच्या पासपोर्टला बहुधा 'ईसीआर' लागू असतो. मग आखाती देशांसारखेच मलेशिया, थायलंड आणि इंडोनेशिया इथे कामाला जाण्यासाठी सरकारची वेगळी मंजुरी घ्यावी लागते. सिंगापूर त्या यादीत नाही. मुलगा नववीत शाळा सोडायचे म्हणत असेल, तर त्याला निदान हे सांगून बघा.

परत चाचांच्या घराकडे येऊ. पीआर झाल्यावर पैशांचा हिशेब कसा बदलतो, हे चाचांना ठाऊक नव्हते. एम्प्लॉयमेंट पासवर असताना पगारातून भविष्य निर्वाह निधी कापत नाहीत. पीआर झाले की कापायला लागतात. पहिली दोन वर्षे कमी दराने, आणि तिसऱ्या वर्षापासून ५५ वर्षांपर्यंतच्या माणसाच्या पगारातून २० टक्के, त्याशिवाय मालकाचे वेगळे १७ टक्के. पैसे बुडत नाहीत. पीआर सोडून कायमचे परत आले तर ते काढता येतात. पण दर महिन्याला हातात कमी येतात. गावी पाठवायची रक्कम कमी झाली तर सुनेने हात आखडला असे समजू नका, म्हणून हे लिहिते. मुस्लिम नोकरदाराच्या पगारातून तिथे मशीद बांधकाम आणि मुलांच्या शिक्षणासाठीचा एक छोटा निधीही कापला जातो. तो मात्र पीआर नसतानाही कापतात.

घराची गोष्ट याहून नाजूक. पीआर कुटुंबाला सरकारी वसाहतीतला जुना फ्लॅट घेता येतो, पण पीआर होऊन ३ वर्षे झाल्यावर. आणि अट अशी, की घेणाऱ्याच्या नावावर सिंगापुरात किंवा सिंगापूरबाहेर खासगी राहते घर असेल, तर ते सहा महिन्यांत काढून टाकायचे. हे ऐकून मी दचकले. कारण चाचा याच वर्षी मोहोपाड्यातले घर हिबा करून मुलाच्या नावावर करणार होते. त्यांना वाटत होते, घर नावावर झाले की मुलगा परत येईल. मी त्यांना म्हटले, "चाचा, घर तुमच्या नावावरच राहू द्या. हिबा करायचाच असेल तर आधी मुलाला विचारा, आणि वकिलालाही." चाचा म्हणाले, "तो बोललाच नाही कधी." मुलगाही म्हणाला, "अब्बांनी विचारलंच नाही." दोघांनी एकमेकांपासून चांगल्या मनाने लपवलेली गोष्ट उद्या महागात पडली असती.

पण खरा प्रश्न नातवाचा होता. तो सहा वर्षांचा आहे. पुढच्या जानेवारीत पहिलीत जाईल. तिथल्या सरकारी शाळांत आधी नागरिक आणि पीआर मुलांची नोंदणी होते, उरलेल्या जागा परदेशी मुलांना, आणि त्यांची फीही पुष्कळ जास्त. म्हणून मुलालाही अर्जात घ्यावे असे आईबापांना वाटणे साहजिक आहे. दुसरी बाजू अशी, की नोकरीच्या जोरावर स्वतः पीआर झालेल्या बापाला लष्करी सेवा नाही, पण त्याच्या अर्जातून पीआर झालेल्या मुलाला आहे. साडेसोळा वर्षांचा झाला की नोंदणी, अठराव्या वर्षी भरती, पूर्ण दोन वर्षे सेवा, आणि त्यानंतरही बहुतेकांना वयाच्या चाळिशीपर्यंत राखीव म्हणून बोलावतात. टाळाटाळ केली तर दहा हजार डॉलरपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. सेवा न करता पीआर सोडला, तर पुढे तिथे शिकायला किंवा नोकरीला जाताना ते आडवे येते, आणि आईबापांच्या परवान्याच्या नूतनीकरणावरही त्याचा परिणाम होऊ शकतो.

हे मुलाने घरी सांगितलेच नव्हते. "अम्मी घाबरेल," तो मला म्हणाला. मी त्याला म्हटले, "आणि बारा वर्षांनी कळल्यावर घाबरणार नाही का?"

मला या नियमात अन्याय दिसत नाही. ज्या देशाची शाळा, दवाखाना, सुरक्षितता आपण घेतो, त्याने काही मागितले तर ते रास्त आहे. तिथले मुस्लिम तरुणही ही सेवा करतात. पण जी सही सहा वर्षांच्या मुलाच्या वतीने केली जाते, ती करणाऱ्याने अठरा वर्षांचा मुलगा डोळ्यांपुढे आणून करावी. मूल ही आईबापांकडे अमानत आहे, असे आपण नेहमी म्हणतो. ते फक्त खाऊपिऊ घालण्यापुरते नाही. मुलाला अर्जात न घेता फक्त नवराबायकोने अर्ज करणे हाही एक मार्ग असतो, मग शाळेची अनिश्चितता आणि जादा फी सोसायची. दोन्ही वाटांना किंमत आहे. ती घरातल्या सगळ्यांनी मशवरा करून ठरवावी.

त्या रविवारी चाचांच्या घरी मोठा कॉल झाला. मलाही बोलावले होते. मुलाने सगळे सांगितले : सेवा, परवाना, निधी, घराची अट. चाची रडल्या. म्हाताऱ्या आईबापांसाठी पीआरचा अर्ज नागरिकच करू शकतो, पीआर झालेला मुलगा नाही, हेही त्याने न लपवता सांगितले. चाचा ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "आम्हाला तिकडे यायचंच नाही. तू पोराचं बघ. दोघं बसून ठरवा, पण ठरलेलं आम्हाला आधी सांग."

तीन आठवड्यांनी सुनेचा फोन आला. ते नातवासह अर्ज करणार आहेत. मुलगा म्हणाला, "बाई, इथेच वाढलाय तो. अठराव्या वर्षी त्याचे सगळे दोस्त जातील, तोही जाईल." चाचांना पटले की नाही, मला सांगता येणार नाही. पण त्यांना सगळे माहीत आहे, आणि हिब्याचा विषय त्यांनी बाजूला ठेवला आहे.

ज्यांच्या घरी असा विचार चालू आहे, त्यांनी कागदांचे आतापासून बघावे. शाळा सोडल्यानंतर मुख्याध्यापक आपल्या मनाने दाखल्यातली नोंद बदलू शकत नाहीत, त्यासाठी शिक्षण विभागाची मंजुरी लागते. म्हणून मूल शाळेत असतानाच जनरल रजिस्टरमधले नाव, बापाचे नाव, जन्मतारीख तपासून घ्या. फक्त निकाहनाम्यावर थांबू नका. १९९८च्या कायद्याप्रमाणे विवाहाची नोंदणीही करून घ्या, गावात ती ग्रामपंचायतीत होते. निकाहनामा उर्दूत असेल तर त्याचा प्रमाणित इंग्रजी अनुवाद लागतो. परदेशात दाखवायच्या कागदांवर अपोस्टिल म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का लागू शकतो. भारत २००५पासून आणि सिंगापूर २०२१पासून ही पद्धत मानतात. आणि 'शेख' इंग्रजीत एकदा 'ए-आय' घालून, एकदा 'ई-आय' घालून लिहू नका. एक ठरवा आणि तेच सगळीकडे ठेवा. चाचांच्या मुलाला त्या एका अक्षरासाठी प्रतिज्ञापत्र करावे लागले, आणि चाचांना पनवेलला तीन खेपा पडल्या.

एक गोष्ट मला उर्दू आणि मराठी शिकवणारी म्हणून बरी आणि वाईट दोन्ही वाटली. सिंगापूरच्या शाळेत मातृभाषा म्हणून तमिळशिवाय हिंदी, पंजाबी, बंगाली, गुजराती आणि उर्दू घेता येते. मराठी नाही. नातू उर्दू घेणार आहे. मराठी शिकवायचे काम चाचांनी अंगावर घेतले आहे. रोज तिथल्या रात्री साडेआठला, म्हणजे आपल्या सहाला, फोनवर बाराखडी चालते. मागच्या गुरुवारी मी गेले तेव्हा 'घ' आणि 'ध' वर अडले होते.

निघताना सुनेने फोनवरून मला हाक मारली. अर्ज भरण्यापूर्वी मुलाचे नाव तिन्ही लिप्यांत एकदा लिहून द्या, म्हणाली, म्हणजे त्याच्या वेळी घोळ नको. मी चाचांच्या वहीतले एक पान फाडले आणि उर्दूत, मराठीत आणि इंग्रजीत लिहून दिले. चाचांनी ते चष्म्याजवळ धरून दोनदा वाचले, आणि फोनसमोर धरले.